ऑपरेशन म्हाताऱ्या माणसाचं, तयारी झोपेची

घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं ऑपरेशन ठरलं की आपण पैशांची जुळवाजुळव करतो, रक्ताची सोय बघतो, रजा टाकतो, डबा कोण पोचवणार याची वाटणी करतो. पेशंट तिथे रात्री झोपणार कसा, हे कुणाच्याच यादीत नसतं. मग ऑपरेशन छान होतं, सर्जन खूश असतात, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रात्री फोन येतो, "बाबा काहीतरीच बोलतायत, तुम्ही या."

हा फोन येण्याची शक्यता कमी कशी करता येईल, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि घरातली दोन ऑपरेशनं पेशंटच्या उशाशी बसून काढली आहेत. पहिलं सासूबाईंचं, खुब्याचं हाड मोडल्यामुळे अचानक करावं लागलेलं, वाशीच्या एका हॉस्पिटलात. दुसरं बाबांचं, गुडघा बदलण्याचं, तारीख ठरवून, ठाण्यातच. सासूबाईंना भ्रम झाला, बाबांना झाला नाही. यावरून मी काही सिद्ध करत नाही. मोडलेलं हाड आणि ठरवून केलेला गुडघा यांच्या जोखमीतच मोठा फरक असतो. पण मधल्या काळात डॉक्टरांना, सिस्टरना, फिजिओला विचारून विचारून जे कळलं ते वापरून बाबांच्या वेळी रात्री पुष्कळ सुसह्य गेल्या.

१. आधी हा प्रकार नेमका काय आहे ते ओळखा

ऑपरेशननंतर अचानक होणाऱ्या या भ्रमाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो, कमी-जास्त होत राहतो, आणि मुख्य म्हणजे माणसाचं लक्ष एका गोष्टीवर टिकत नाही. ऑपरेशननंतर बहुधा पहिल्या तीन दिवसांत दिसतो, संध्याकाळनंतर वाढतो.

सासूबाईंनी रात्री अडीचच्या सुमारास सलाईनच्या स्टँडकडे बोट दाखवून मला बजावलं, "हे गृहस्थ कधीचे उभे आहेत, त्यांना खुर्ची दे." मग मेथी निवडावी तशी चादर चिमटीत धरून खुडत बसल्या. सकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा नाव, गाव, मुलांची नावं, सगळं नीट सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू रात्री मीच स्वप्न पाहिलं होतं. हे चढ-उतार हीच या आजाराची खूण आहे, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा. शेजारच्या पलंगावर एक काका होते. दिवसभर डोळे मिटून पडलेले, हाक मारली की "हं" म्हणायचे, जेवण तसंच राहायचं. सगळा वॉर्ड म्हणायचा, "किती शहाणे, काही त्रास नाही." तोही भ्रमच होता, शांत प्रकारचा. त्यात आरडाओरडा नसल्यामुळे तो हमखास निसटतो. तुमचं माणूस नेहमीपेक्षा फार गप्प झालं असेल तर त्याला शहाणपण समजू नका.

हे वेड नाही, आणि "वय झालं, चालायचंच" म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. भ्रम झाला की हॉस्पिटलातला मुक्काम लांबतो, पडण्याचा धोका वाढतो, आणि काहींची विचारशक्ती पूर्ववत व्हायला महिनेही लागतात. कारणं बरीच असतात: ऑपरेशनमुळे शरीरात उठलेली सूज, दुखणं, काही औषधं, पाणी कमी पडणं, सोडियम खाली जाणं, संसर्ग, तुंबलेली लघवी, साचलेलं पोट आणि मोडलेली झोप. भूल आणि ऑपरेशनमुळे पहिल्या एक-दोन रात्रींत स्वप्नांची झोप जवळजवळ नाहीशी होते आणि पुढच्या रात्रींत उसळून येते. त्यात वॉर्डातले दिवे आणि आवाज. बाकीची बरीच कारणं डॉक्टरांच्या हातात असतात. झोपेचं मात्र घरच्यांना बरंच काही करता येतं, म्हणून माझा सगळा भर तिच्यावर.

हे नुसतं घरगुती शहाणपण नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॉ. शॅरन इनोये यांच्या गटाने १९९९ साली सत्तर आणि त्यापुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झोप, चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, हालचाल, वेळ-जागेची आठवण करून देणं, अशा साध्या गोष्टी ज्यांच्यासाठी ठरवून केल्या त्यांच्यात भ्रमाचं प्रमाण ९.९ टक्के होतं. नेहमीची देखभाल मिळालेल्यांत १५ टक्के. ते रुग्ण मेडिकल वॉर्डातले, म्हणजे ऑपरेशनसाठी न आलेले होते, पण हीच पद्धत पुढे ऑपरेशनच्या वॉर्डांतही नेली गेली. त्यात झोपेसाठी काय होतं? रात्री गरम दूध किंवा काढ्यासारखा चहा, मंद संगीत, पाठ चोळणं, वॉर्डातला गोंगाट कमी करणं आणि औषधांच्या वेळा झोप मोडणार नाही अशा बसवणं. यातलं एकही काम आपल्याकडे अशक्य नाही.

२. तारीख मिळाली की घरची झोप आठवडाभर लिहून काढा

ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधीपासून घरी झोप बिघडलेली असेल, तर हॉस्पिटलात ती सुधारणार नाही. एका वहीत रोज लिहा: किती वाजता पडले, किती वाजता उठले, रात्री लघवीला किती वेळा गेले, दुपारी किती झोपले, घोरतात का.

घोरण्याची नोंद खास करा. घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो, असं दिसलं तर तो स्लीप अॅप्नियाचा संशय आहे. अशा माणसाला भुलीनंतर आणि दुखण्याच्या काही औषधांनंतर श्वासाचा धोका जास्त असतो. घरी आधीच त्यासाठी झोपेत श्वासाला मदत करणारं मशीन वापरत असतील तर ते हॉस्पिटलात न्यायचंच. "दोन दिवसांसाठी कशाला" म्हणून कपाटात ठेवू नका.

सकाळचं ऊन अंगावर घेणं हा झोपेचा सगळ्यात स्वस्त उपाय. चालता येत असेल तर कचराळी तलावाला दोन फेऱ्या, उपवनला बाकावर अर्धा तास, वाशीत असाल तर सागर विहार. गुडघ्यामुळे खाली उतरता येत नसेल तर बाल्कनीत खुर्ची टाका आणि पेपर तिथे वाचायला द्या. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा. चार-साडेचारनंतरचा चहा बंद. हे शेवटचं आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं. संध्याकाळी बाबांचे कट्ट्यावरचे मित्र आले की कप आलाच.

३. गोळ्यांचा डबा पूर्ण उलटा करा

या पायरीत लाजायचं नाही आणि लपवायचं नाही.

बऱ्याच घरांत आजी-आजोबा वर्षानुवर्षं झोपेची अर्धी गोळी घेत असतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम यांपैकी काहीतरी. कुणा डॉक्टरांनी कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली असते, ती चालूच राहते. ही औषधं म्हाताऱ्या माणसात भ्रमाची शक्यता वाढवतात. पण रोजची सवय असताना अचानक बंद केली तर त्यानेही भ्रम होऊ शकतो, कधी झटकेही येतात. म्हणून लेख वाचून स्वतःच गोळी बंद करू नका. गोळ्यांची स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा. हळूहळू कमी करायची की ऑपरेशनच्या काळात चालू ठेवायची, ते त्यांना ठरवू द्या.

रोजच्या पेगचंही तसंच. "आमचे बाबा कधीतरी घेतात" हे वाक्य सुना-मुलं हमखास बोलतात आणि खरी बाटली बाबांच्या कपाटात असते. रोज पिणाऱ्याची दारू अॅडमिट झाल्यावर एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत जो भ्रम होतो तो जिवावर बेततो. भूलतज्ज्ञांना खरा आकडा सांगा. पेशंटसमोर सांगणं अवघड असेल तर बाहेर गाठून सांगा.

आणखी दोन गोष्टी निसटतात: सर्दी-खाजेच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, आणि वारंवार लघवी लागू नये म्हणून दिलेली काही औषधं. दोन्हींमुळे डोकं गढूळ होऊ शकतं. काढे, चूर्णं, अश्वगंधेसारख्या गोष्टी चालू असतील तर त्याही यादीत लिहा. "ते काय औषध थोडंच आहे" हा युक्तिवाद भूलतज्ज्ञांपुढे चालत नाही.

४. भूलतज्ज्ञांबरोबरच्या तपासणीला प्रश्न लिहून न्या

ऑपरेशनआधी भुलीसाठी फिटनेस तपासतात. बरेच लोक तिथे फक्त रिपोर्टची फाईल पुढे करतात आणि पाच मिनिटांत बाहेर येतात. झोप आणि भ्रम यांच्याबद्दल बोलायची हीच जागा. सर्जनकडे त्यासाठी सहसा वेळ नसतो. मी बाबांच्या वेळी विचारलेले प्रश्न:

- यांना भ्रम होण्याचा धोका किती वाटतो? (आधी कधी झाला असेल, विसराळूपणा वाढत असेल, ऐकू-दिसायला कमी असेल तर आपणहून सांगा.)
- ऑपरेशनआधी झोपेचं किंवा गुंगीचं औषध देणार असाल तर ते टाळता येईल का?
- वेदनेसाठी काय देणार, आणि ते ठरलेल्या वेळी देणार की मागितल्यावर?
- सकाळचा पहिला नंबर मिळेल का?
- पाणी किती वाजेपर्यंत चालेल?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबते. "रात्री बारापासून काही नाही" ही सूचना सरसकट दिली जाते. भुलीच्या प्रचलित नियमांत जड नसलेल्या अन्नासाठी साधारण ६ तास आणि साध्या पाण्यासाठी २ तास उपाशी राहणं पुरतं. दुपारी दोनचा नंबर असलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईला आदल्या रात्रीपासून पाण्याविना ठेवलं तर ती टेबलावर जाण्याआधीच सुकलेली असते. मधुमेह, पोटाचे आजार यांमुळे नियम बदलतो, म्हणून आपल्या मनाने पाणी पाजू नका. विचारून लिहून घ्या.

एक समज मात्र सोडून द्या. "कमरेतून भूल दिली की भ्रम होत नाही, पूर्ण भूल दिली की होतो," असं मला चार जणांनी सांगितलं होतं. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनवर २०२१ आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत या दोन्हींत भ्रमाच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. भूल कुठली, हे त्यांच्यावर सोडा. तुमचा आग्रह झोपेसाठी आणि औषधांसाठी राखून ठेवा.

५. तारीख, खोली आणि पलंग

ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर कॅलेंडर बघा. टेंभीनाक्याच्या जवळपासच्या हॉस्पिटलात नवरात्रात आणि कुठल्याही नाक्यावर विसर्जनाच्या आसपास रात्र कशी असते ते आपल्याला माहीत आहे. दिवाळीच्या फटाक्यांत तर काचा लावूनही उपयोग नाही. आठवडाभर पुढे-मागे होत असेल तर करून घ्या. पण ज्यात थांबणं धोक्याचं आहे अशा ऑपरेशनला हा नियम लावू नका. मोडलेला खुबा जितक्या लवकर बसवला जाईल तितकं बरं, मग बाहेर ढोल वाजत असोत.

जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयाच्या खोलीत रात्री ३० डेसिबल इतकाच आवाज असावा असं सुचवलं आहे. म्हणजे कुजबुजीइतका. घोडबंदर रोडला लागून असलेल्या खोलीत रात्रीचे ट्रेलर सुरू झाले की त्याचं काय होत असेल, सांगायला नको. खोली देताना विचारा: रस्त्याच्या उलट बाजूची मिळेल का? लिफ्ट, पँट्री आणि सिस्टरच्या टेबलापासून लांबची? खिडकी असलेली? खिडकीचा मुद्दा खोलीच्या दर्जापेक्षा महत्त्वाचा मानते मी. खिडकी नसलेल्या डिलक्स खोलीपेक्षा खिडकीशेजारचा सेमी-प्रायव्हेट पलंग बरा, कारण दिवस उगवला-मावळला हे पेशंटला दिसलं पाहिजे.

कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा वाशीच्या मनपा रुग्णालयात जनरल वॉर्डात निवडीला फारसा वाव नसतो. तिथे इन्चार्ज सिस्टरना दिवसा, गर्दी नसताना, विनंती करा की दाराजवळचा आणि ट्यूबलाइटखालचा पलंग शक्य असेल तर टाळा. नाही जमलं तर डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे आहेतच.

६. पिशवीत काय न्यायचं

आधी कागद, कारण ते अपुरे असले की पेशंट खालच्या काउंटरसमोर व्हीलचेअरवर तास तास बसून राहतो आणि अॅडमिशनची रात्र तिथेच वाया जाते. शक्यतो दिवसा अॅडमिट व्हा.

- आधार कार्ड, रेशन कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत. पेशंट सत्तर किंवा त्यापुढचा असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधीच काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारखर्चाचं संरक्षण आहे. तुमचं हॉस्पिटल यादीत आहे का, ते अॅडमिट होण्याआधी तपासा.
- सगळ्या औषधांची एकपानी यादी: नाव, ताकद, वेळ. सोबत गोळ्यांच्या मूळ स्ट्रिप. यादीच्या दोन झेरॉक्स.
- आधीची डिस्चार्ज कार्डं, रिपोर्ट, अॅलर्जी असल्यास ठळक अक्षरांत.
- चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याचे जादा सेल, कवळी आणि तिची डबी. तिन्हींवर नावाची चिकटपट्टी लावा. कवळी चादरीबरोबर लाँड्रीत जाते, हे कुठल्याही सिस्टरला विचारा.
- डोळ्यांवर बांधायची मऊ पट्टी, कानात घालायचे फोमचे बोळे. घरी दोन-तीन रात्री वापरून बघा. काहींना कोंडल्यासारखं होतं, त्यांच्यावर लादू नका.
- मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि रोज पान फाडायची दिनदर्शिका.
- घरची उशी किंवा गोधडी, परवानगी असेल तर. बाबांना स्वतःच्या उशीशिवाय लग्नाच्या हॉलवरही झोप येत नाही.
- छोटा रेडिओ किंवा फोनमध्ये उतरवून घेतलेले अभंग, भावगीतं. आवाज पेशंटपुरता.

७. ऑपरेशनची पहिली रात्र

या रात्री फारसं काही मागू नका. नाडी, बीपी, ऑक्सिजन वारंवार बघणं गरजेचंच असतं आणि सिस्टर उठवणारच. आयसीयूत असतील तर एकच विनंती करा: शुद्धीवर आले की चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच द्या, आणि घरच्या एकाला पाच मिनिटं आत येऊ द्या. त्या पाच मिनिटांत तुम्ही कोण, ते कुठे आहेत, ऑपरेशन झालं, आता रात्र आहे, एवढं शांतपणे सांगा.

८. दुसऱ्या दिवसापासून: दिवस दिवसासारखा, रात्र रात्रीसारखी

पूर्ण लेखात हीच पायरी सगळ्यात जास्त मेहनतीची.

सकाळी सहा-साडेसहाला पडदे उघडा. तोंड धुवा, चष्मा लावा, दिनदर्शिकेचं पान त्यांच्याच हाताने फाडायला लावा. वार, तारीख, कितवा मजला, खिडकीतून काय दिसतं, हे गप्पांच्या ओघात येऊ द्या, परीक्षा घेतल्यासारखं नको. डॉक्टरांनी परवानगी दिली की खुर्चीत बसून जेवण. फिजिओ आले की "आज राहू दे, दुखतंय" हे पेशंटचं म्हणणं लगेच मान्य करू नका. आधी दुखण्याचं औषध झालंय का ते विचारा, मग चालायला लावा. दिवसभर लोळलेला माणूस रात्री झोपत नाही, मग तो कितीही थकलेला दिसो.

डुलकी दुपारी तीनच्या आत, अर्धा तास. नातेवाईक संध्याकाळी पाच ते सात. त्यापुढे कुणी आलं तर खालीच कॉफी पाजून परत पाठवा. मला यात वाईटपणा घ्यावा लागला, आणि मी तो आनंदाने घेतला. आठ माणसं पलंगाभोवती उभी राहून आपापल्या ऑपरेशनांच्या कथा सांगत असली की पेशंटची रात्र गेलीच समजा. रात्री थांबणारं माणूस शक्यतो रोज एकच ठेवा आणि ते आठच्या आत पोचू द्या. अकराला ठाणे-वाशी लोकलमधून धावत येऊन पिशव्यांचा आवाज करत पाळी बदलणं हेही झोपमोडच आहे.

साडेआठला टीव्ही बंद. मालिका त्यांची असो की तुमची. नऊला लघवी, तोंड धुणं, चालत असेल तर कोमट दूध. मधुमेह, पाण्यावर बंधन किंवा उलट्या असतील तर आधी विचारा. मग पाठीला, तळपायाला दहा मिनिटं हलका हात. ज्या पायाचं ऑपरेशन झालं आहे त्या पायाला हात लावायचा नाही, आणि पोटरी कुठल्याच पायाची चोळायची नाही. रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. दहाला मोठे दिवे बंद, बाथरूमचा मंद दिवा चालू. तुमचा मोबाईल सायलेंट, उजेड खाली.

आता सिस्टरशी कसं बोलायचं. रात्री दोनचं बीपी आणि पाचचं स्पंजिंग सिस्टर आपल्या मर्जीने सोडू शकत नाहीत. त्यांच्या फाईलीत जे लिहिलं आहे ते त्यांना करावं लागतं. म्हणून मागणी सकाळच्या राउंडला डॉक्टरांकडे करायची. मी विचारलेलं असं: "डॉक्टर, तब्येत स्थिर असेल तर रात्री अकरा ते पाच अगदी गरजेशिवाय उठवू नये असं फाईलवर लिहाल का? आणि रात्रीची औषधं, बीपी, शुगर एकाच वेळी होतील का?" त्यांनी लिहिलं. मग रात्रपाळीच्या सिस्टरही मोकळ्या झाल्या, कारण जबाबदारी त्यांच्या डोक्यावर राहिली नाही. मॉनिटरची टींटीं मात्र स्वतः बंद करायला जाऊ नका. आवाज कमी होईल का, एवढंच विचारा. वॉर्डातल्या मामा-मावशींशी गोड राहा. रात्री दोनला बादली कुठे आपटायची आणि कुठे नाही, हे तेच ठरवतात.

दुखणं झोपेचं मुख्य वैरी. आपली म्हातारी माणसं विचारलं की म्हणतात, "काही नाही, सहन होतंय." चेहरा बघा, मुठी बघा, कूस बदलताना श्वास रोखतात का बघा. औषध दुखून विव्हळल्यावर मागण्यापेक्षा ठरलेल्या वेळी मिळालेलं बरं. लघवीची नळी अजून गरजेची आहे का, हे रोज विचारा. पोट साफ झालं का, हेही. तीन दिवस पोट न झालेला माणूस रात्री तळमळतो आणि आपण त्याला झोपेची गोळी मागत बसतो.

९. "काहीतरी द्या हो, झोपू दे बिचाऱ्यांना"

हे वाक्य तोंडात येणारच. गिळा. झोपेच्या गोळीने डोळे मिटतात, पण या वयात डोकं आणखी गोंधळू शकतं. घरून आणलेली गोळी, शेजारच्या पेशंटच्या मुलीने देऊ केलेली गोळी, खाजेची गुंगीवाली गोळी, काहीही गुपचूप देऊ नका. मेलाटोनिनचं, म्हणजे झोपेशी संबंधित संप्रेरकाच्या गोळीचं, नाव हल्ली बरेच जण घेतात. त्याबद्दलच्या अभ्यासांत एकमत नाही, तेही डॉक्टरांना विचारूनच. पेशंट जागा राहिला तर राहू द्या. हात धरून बसा, अभंग लावा, कुशीवर वळवा. डोळे मिटून स्वस्थ पडले तरी ती रात्र फुकट जात नाही.

१०. एवढं करूनही भ्रम झालाच तर

होऊ शकतो. अभ्यासकांचा अंदाज आहे की साधारण ३० ते ४० टक्के प्रसंग टाळता येतात; म्हणजे उरलेले टळत नाहीत. स्वतःला बोल लावू नका, पण लवकर ओळखा.

एक सोपी चाचणी: वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार. ही ऑपरेशनच्या आधी घरी एकदा करून बघा म्हणजे मूळ पातळी कळते. काल जमत होतं आणि आज दोन वारांनंतर भलतीकडे गेले, तर सिस्टरना सांगा. सांगताना "बडबडतायत" म्हणू नका, कारण त्यावर "असं होतं हो" हे उत्तर ठरलेलं आहे. म्हणा, "काल असे नव्हते. संध्याकाळपासून लक्ष टिकत नाही. डॉक्टरांना कळवा." मग ऑक्सिजन, शुगर, सोडियम, लघवी, संसर्ग, नवं औषध यांपैकी काय बघितलं, ते विचारा.

हाक मारून जागे होत नाहीत, धाप लागली आहे, तोंड वाकडं झालं आहे, एका बाजूचा हात उचलत नाही, अंग तापलं आहे, असं काही असेल तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. त्याच मिनिटाला ड्युटी डॉक्टरांना बोलवा.

भ्रमात असलेल्या माणसाशी वाद घालू नका. सासूबाईंना "आई, तो स्टँड आहे" हे दहा वेळा सांगून त्या दहा वेळा चिडल्या. "बरं, त्यांना सांगते बाहेर बसायला" म्हणून मी स्टँड त्यांच्या मागे सरकवला, तेव्हा त्या शांत झाल्या. हात बांधण्याची सूचना आली तर आधी म्हणा, मी शेजारी बसते, नळ्यांवर लक्ष ठेवते. बांधल्याने घबराट वाढते. आणि कृपा करून कौटुंबिक ग्रुपवर टाकायला व्हिडिओ काढू नका. डॉक्टरांना दाखवायला अर्ध्या मिनिटाचा काढलात तर उपयोगी पडतो, कारण राउंडच्या वेळी माणूस ठणठणीत दिसतो. दाखवा आणि पुसून टाका.

११. घरी आल्यावर

घरच्या पलंगावर झोप हळूहळू रुळावर येते, पण भ्रमाचे अवशेष काही आठवडे, कधी महिनेही राहू शकतात. पलंग खिडकीजवळ, बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा, वाटेतली सतरंजी गुंडाळून ठेवलेली. ब्युरोकडून रात्रपाळीला मावशी ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी सांगा की दिवसा पेशंटला झोपवून ठेवायचं नाही आणि रात्री खोलीत मोबाईलवर व्हिडिओ लावायचे नाहीत.

डिस्चार्जच्या कागदावर झोपेची किंवा गुंगीची कुठली गोळी आहे का ते बिल भरण्याआधीच वाचा. असेल तर ती कोणत्या तारखेला थांबवायची, ते तिथेच लिहून घ्या. नाहीतर पायरी ३ मधली वर्षानुवर्षं चालणारी गोळी अशीच जन्माला येते. महिनाभराने विसराळूपणा आधीपेक्षा जास्त वाटला तर फिजिशियन किंवा वृद्धांच्या आजारांचे डॉक्टर यांना दाखवा.

भ्रम झाला असेल तर डिस्चार्ज कार्डवर तसं नमूद करून घ्या. बऱ्याचदा फक्त हाडाबद्दल लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी मोतीबिंदू असो की हर्निया, फाईल उघडल्या उघडल्या भूलतज्ज्ञांना दिसेल असं पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहा: मागच्या ऑपरेशननंतर भ्रम झाला होता, महिना-साल, कोणतं ऑपरेशन, तेव्हा कोणती औषधं चालू होती.